पडद्यावरचा ठिपका: सरावाचा कुठला, हल्ल्याचा कुठला?

प्रश्न थोडक्यात असा होता: रशिया, अमेरिका, आपण, सगळेच अधूनमधून अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रांचे सराव करतात. ही नुसती धमकी असते का? आणि एवढी रडारं, उपग्रह, एस-४०० हाताशी असताना लांब पल्ल्याचं क्षेपणास्त्र वाटेतच पाडणं इतकं अवघड का?

माझी सगळी नोकरी माग काढणाऱ्या रडारच्या पडद्यासमोर गेली. त्यामुळे धोरण आणि राजकारण बाजूला ठेवतो, आणि त्या पडद्यावर काय दिसतं, काय दिसत नाही, तिथूनच सांगतो. तुम्हाला हे दोन प्रश्न वाटतात, पण माझ्या लेखी तो एकच आहे. पडद्यावर क्षेपणास्त्र येतं ते एक ठिपका आणि चार-सहा आकडे म्हणून: दिशा, उंचीचा कोन, अंतर, वेग. त्यात ‘हे सरावाचं आहे’ असा रकाना नसतो. पुढे ते अवकाशात गेलं आणि त्याच्याभोवती आणखी वीस ठिपके पसरले, की ‘यातलं खरं अस्त्र हे’ असाही रकाना नसतो. वेगाशी झुंजायला आपण बरंच शिकलोय. ओळख पटवण्याचं मात्र अजून अडलेलंच आहे.

आधी सरावाचं बघू. रशियाच्या वार्षिक सरावाचं नाव ‘ग्रोम’, म्हणजे गडगडाट. २९ ऑक्टोबर २०२४ चा घ्या. उत्तरेकडच्या प्लेसेत्स्कहून ‘यार्स’ हे आंतरखंडीय क्षेपणास्त्र सुटलं आणि सगळा सायबेरिया ओलांडून कामचात्कातल्या कुरा इथे जाऊन पडलं. बॅरेंट्स समुद्रातल्या पाणबुडीतून ‘सिनेवा’, ओखोत्स्क समुद्रातल्या पाणबुडीतून ‘बुलावा’, आणि टीयू-९५ विमानांतून क्रूझ क्षेपणास्त्रं, म्हणजे विमानासारखी हवेतूनच उडत जाणारी. जमीन, पाणी, हवा, तिन्ही एकाच दिवशी. यातलं काहीच नवं नव्हतं. ती उडतात हे रशियाला ठाऊक होतं आणि अमेरिकेलाही. मग तपासलं काय? तर हुकूम. वरून निघालेला आदेश पाण्याखालच्या पाणबुडीपर्यंत पोचतो का, तो खरा आहे याची खातरजमा ठरल्या वेळात होते का, आणि ज्या माणसांनी तो पाळायचा ते हात आखडतात का. यंत्राची परीक्षा त्या मानाने दुय्यम असते.

अमेरिकेत हे काम आणखी रोखठोक चालतं. माँटाना, नॉर्थ डकोटा, वायोमिंग इथल्या जमिनीखालच्या विहिरींत ४०० मिनिटमन-३ क्षेपणास्त्रं उभी आहेत. त्यातलं एखादं अधूनमधून चिठ्ठी काढल्यासारखं निवडतात. टोकावरचं अण्वस्त्र काढून घेऊन मोजमापाची उपकरणं बसवतात, ते कॅलिफोर्नियातल्या व्हॅन्डेनबर्गला नेतात आणि त्या-त्या तळावरच्या नेहमीच्याच माणसांकडून डागून घेतात. पडतं ते सुमारे ६,७०० किलोमीटरवर, मार्शल बेटांतल्या क्वाजालीनला. आपण खंडेनवमीला हत्यारं घासूनपुसून पुजतो; हे लोक त्यातलं एक खरंच चालवून बघतात. धमकीचा भाग असतोच, नाही असं नाही. पण २०२२ मध्ये युक्रेन पेटल्यावर, आणि पुन्हा ऑगस्टमध्ये तैवानवरून तणाव वाढल्यावर, अमेरिकेने ठरलेल्या मिनिटमन चाचण्या पुढे ढकलल्या होत्या. सराव न करणं हाही निरोपच.

आपल्याकडे बातमी वाचताना एक शब्द नीट बघा. डीआरडीओ ही संरक्षण संशोधन संस्था नवं काहीतरी उडवते ती विकास चाचणी. अण्वस्त्रं सांभाळणारी स्ट्रॅटेजिक फोर्सेस कमांड (ही २००३ मध्ये उभी राहिली) ताब्यात असलेलं अग्नी किंवा पृथ्वी उडवते ते प्रशिक्षण प्रक्षेपण. पहिल्यात क्षेपणास्त्र परीक्षेला बसतं, दुसऱ्यात माणसं. वर्तमानपत्रं दोन्हीला ‘यशस्वी चाचणी’ म्हणून मोकळी होतात.

आणि माणसं म्हणजे फक्त गणवेशातली नव्हेत. ओडिशाच्या किनाऱ्यावर चांदीपूरला मोठी चाचणी असली की प्रक्षेपण तळाच्या साडेतीन किलोमीटर परिघातली गावं पहाटे रिकामी करतात. जुलै २०२४ मध्ये क्षेपणास्त्रविरोधी चाचणीच्या वेळी दहा गावांतली दहा हजारांवर माणसं अशी हलवली होती. शाळेच्या आवारात चटया, जेवणाची सोय, दिवसभराच्या बुडालेल्या मजुरीची भरपाई. होड्या समुद्रात न्यायच्या नाहीत. उलटी गणती कुठल्याशा वाल्व्हपायी तासभर थांबली की आम्ही कन्सोलवर चहा मागवायचो. तिकडे तेवढा वेळ एखादी म्हातारी आपल्या शेळ्यांना कुणी पाणी दाखवलं असेल का, या काळजीत बसलेली असायची. सरावाचा हा भाग कुठल्याच चित्रफितीत येत नाही.

आता ओळखीच्या घोटाळ्याचं. ९ नोव्हेंबर १९७९ ला अमेरिकेच्या हवाई संरक्षण केंद्रात पडद्यावर प्रचंड सोव्हिएत हल्ला दिसू लागला. लढाऊ विमानं उडालीसुद्धा. काही मिनिटांनी मूळ रडारांना आणि उपग्रहांना थेट विचारलं, तर आकाश मोकळं. सरावासाठी तयार केलेला हल्ल्याचा देखावा चालू यंत्रणेत शिरला होता. २५ जानेवारी १९९५ ला उलटं झालं. नॉर्वेच्या आंडोया बेटावरून ध्रुवीय प्रकाशाचा अभ्यास करायला एक रॉकेट सोडलं गेलं. रशियन रडारला ते पाणबुडीतून सुटलेल्या क्षेपणास्त्रासारखं दिसलं आणि राष्ट्राध्यक्ष येल्त्सिन यांच्यासमोर अण्वस्त्रांचा हुकूम देण्याची ती प्रसिद्ध ब्रीफकेस उघडली गेली. नॉर्वेने आधी कळवलं नव्हतं का? कळवलं होतं. पत्र पोचलं होतं, फक्त रडारवर बसलेल्या माणसापर्यंत पोचलं नव्हतं. सरकारी कचेरीत उभी हयात काढलेल्या कुणालाही हे पटायला वेळ लागणार नाही.

अमेरिकेच्या हवाई बेटांवरचं १३ जानेवारी २०१८ चं प्रकरण मला सगळ्यात बोलकं वाटतं. सकाळी ८ वाजून ७ मिनिटांनी बेटांवरच्या प्रत्येक मोबाइलवर इशारा आला: क्षेपणास्त्र येतंय, आसरा घ्या, हा सराव नाही. तो सरावच होता. चौकशीत निघालं ते असं की कर्मचाऱ्यांना ऐकवलेल्या ध्वनिमुद्रित निरोपात ‘सराव, सराव, सराव’ असंही होतं आणि ‘हा सराव नाही’ असंही होतं. बटण दाबणाऱ्याने दुसरं तेवढं ऐकलं. चूक झाली हे लोकांना कळवायला ३८ मिनिटं लागली. आंतरखंडीय क्षेपणास्त्राच्या अख्ख्या प्रवासाला साधारण ३० लागतात.

म्हणून सरावाआधी कळवणं हा शिष्टाचार नाही, सुरक्षेचा कणा आहे. भारत-पाकिस्तान यांच्यात ३ ऑक्टोबर २००५ चा करार आहे: बॅलिस्टिक, म्हणजे फेकलेल्या दगडासारखं वर जाऊन खाली येणाऱ्या, क्षेपणास्त्राची चाचणी असेल तर किमान तीन दिवस आधी कळवायचं, प्रक्षेपण सीमेपासून ४० किलोमीटरच्या आत नको, पडण्याची जागा ७५ किलोमीटरच्या आत नको. दोन्ही देशांचं बोलणं बंद असतानाही हे कळवणं चालू राहिलंय. पण करार बॅलिस्टिकपुरता आहे, क्रूझ त्यात नाही. ९ मार्च २०२२ ला देखभाल चालू असताना आपलं एक ब्रह्मोस, म्हणजे क्रूझच, चुकून सुटलं आणि पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ जाऊन पडलं. त्यात स्फोटक नव्हतं, कुणी दगावलं नाही, पुढे तीन अधिकारी बडतर्फ झाले. पलीकडच्या रडारवर बसलेल्या माणसाने त्या काही मिनिटांत काय विचार केला असेल, हे मला अजूनही कधीकधी आठवतं. तो माझ्याच धंद्यातला माणूस.

आता पाडण्याकडे वळू. दहा हजार किलोमीटर जाणाऱ्या क्षेपणास्त्राचे तीन टप्पे धरा. पहिली तीन ते पाच मिनिटं इंजिन पेटलेलं. मग वीसेक मिनिटं अवकाशात नुसतं फेकलेल्या दगडासारखं जाणं, हजार-बाराशे किलोमीटर उंचीपर्यंत. शेवटी वातावरणात परत शिरणं, ते जेमतेम मिनिटभराचं.

पहिल्या टप्प्यात ओळखीचा प्रश्नच नसतो. आगीचा लोळ उपग्रहाला लख्ख दिसतो आणि फसवायला काही सोडलेलं नसतं. अडचण अशी की तुम्ही तिथे नसता. जमिनीवरच्या रडारला पृथ्वीची गोलाई आड येते. हजार किलोमीटरवरून क्षेपणास्त्र साठ-सत्तर किलोमीटर वर चढल्याशिवाय दिसतच नाही. तोवर त्याचं अर्धंअधिक इंधन जळून गेलेलं असतं. पाडणारं अस्त्र शत्रूच्या अंगणात उभं असेल तरच हे जमेल. किंवा डोक्यावर, अवकाशात. अमेरिकेने २०२५ मध्ये जाहीर केलेली ‘गोल्डन डोम’ योजना त्याच वाटेने जाते, १७५ अब्ज डॉलरचा आकडा तेव्हा सांगितला गेला. पण खालच्या कक्षेतला उपग्रह एका जागी थांबत नाही, दीड तासात पृथ्वीला फेरी मारतो. योग्य तीन मिनिटांत योग्य जागी एक असावा म्हणून शेकड्यांनी, हजारांनी फिरते ठेवावे लागतात. चाळीतला एकच नळ राखायला अख्ख्या गल्लीत बादल्या मांडून ठेवण्यासारखं.

मधल्या टप्प्यात वेळ भरपूर, वीस मिनिटं. पण इथेच तोतये उभे राहतात. पानिपतानंतर सदाशिवराव भाऊंचा तोतया निघाला, तेव्हा पुण्याला त्याचा निकाल लावायला वर्षं गेली. इथे तो फुगा असतो, पातळ धातूचा मुलामा दिलेला. अवकाशात हवा नाही, त्यामुळे किलोभराचा फुगा आणि शेकडो किलोचं अस्त्र अगदी एका वेगाने, एका वाटेने जातात. शहाणा शत्रू अस्त्रालाच फुग्यात घालतो, मग खराच तोतयासारखा दिसायला लागतो. शिवाय गळून पडलेला टप्पा, बोल्ट, झाकणं, सगळंच बरोबर तरंगत असतं.

इथे स्वतःचा एक अनुभव सांगतो. रडार सगळं आकाश एकसारखं न्याहाळत बसत नाही. पुढच्या क्षणी ठिपका कुठे असेल याचा अंदाज बांधून तेवढीच एक खिडकी उघडतं. त्याला आम्ही गेट म्हणतो. एका चाचणीत टप्पा वेगळा झाला आणि आमच्या रडारने क्षेपणास्त्र सोडून त्या रिकाम्या नळकांड्याचाच पिच्छा धरला. साहजिकच होतं. नळकांडं मोठं, गरगरत होतं, चमक जास्त. दहा-बारा सेकंद आम्ही छाती फुगवून भंगाराचा माग काढत होतो. शेजारच्या ठाण्याचे आकडे जुळेनात तेव्हा ट्यूब पेटली. आणि ही आमची स्वतःची चाचणी. वेळ माहीत, वाट माहीत, वजन माहीत, कुणी फसवत नव्हतं.

गेट चुकण्याची किंमत २५ फेब्रुवारी १९९१ ला धाहरानमध्ये कळली. सौदी अरेबियातली अमेरिकेची पॅट्रियट ही क्षेपणास्त्रं पाडणारी तुकडी शंभर तासांहून जास्त वेळ सलग चालू होती. तिचं घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागात मोजायचं, आणि एक-दशांश हा आकडा संगणकाच्या द्विमान पद्धतीत पूर्ण लिहिताच येत नाही, जसा आपल्याला एक-तृतीयांश दशांशात येत नाही. शेपूट छाटावं लागतं. ती छाटलेली शेपटं शंभर तासांत साठून ०.३४ सेकंद झाली. इराकने डागलेल्या स्कड क्षेपणास्त्राच्या वेगाला तेवढ्यात अर्ध्या किलोमीटरहून जास्त अंतर कापलं जातं. खिडकी चुकीच्या जागी उघडली, तिथे काही दिसलं नाही, यंत्राने ‘काही नाही’ म्हणून सोडून दिलं. बराकीवर पडलेल्या त्या स्कडने २८ सैनिक गेले. दुरुस्त केलेली आज्ञावली दुसऱ्या दिवशी पोचली. बाकी त्या युद्धात इराकची स्कड वातावरणात शिरताना मोडायची आणि तुकडे भिरभिरत यायचे. कुणी न बनवलेले तोतयेच ते.

तिसऱ्या टप्प्यात हवा स्वतःच तोतये सोलून काढते. फुगे मागे पडतात, जड अस्त्र पुढे येतं. ओळख पटते, पण हातात उरतात काही सेकंद. तेवढ्यात एखादं शहर किंवा तळ राखता येतो, देश नाही. ओळख आणि वेळ एकाच वेळी पुरेसे कधी मिळत नाहीत, घोडं अडतं ते इथे.

जुन्या काळी यावर एक रानटी तोडगा होता: पाडणाऱ्या क्षेपणास्त्रावरच अण्वस्त्र बसवायचं, मग नेमका ठिपका ओळखायची गरज नाही. मॉस्कोभोवतीची यंत्रणा याच विचारातून उभी राहिली. अमेरिकेनेही नॉर्थ डकोटात असं केंद्र उभारलं, ते १ ऑक्टोबर १९७५ ला पूर्ण सज्ज झालं आणि दुसऱ्याच दिवशी प्रतिनिधिगृहाने ते बंद करायला मत दिलं. एक कारण असं की स्वतःच्याच डोक्यावर केलेल्या अणुस्फोटाने स्वतःचीच रडारं आंधळी होतात. ९ जुलै १९६२ ला पॅसिफिकवर ४०० किलोमीटर उंचीवर केलेल्या स्फोटाने दूर हवाई बेटांवरचे रस्त्यावरचे काही दिवे गेले होते.

म्हणून आता थेट धडक. अलास्कातल्या फोर्ट ग्रीलीत ४० आणि व्हॅन्डेनबर्गला ४, अशी अमेरिकेची ४४ पाडणारी क्षेपणास्त्रं आहेत. टोकावरचं धडकणारं यंत्र साठ-पासष्ट किलोचं. समोरासमोरचा वेग सेकंदाला दहा किलोमीटरच्या घरात, म्हणजे एक हजारांश सेकंद उशीर झाला की दहा मीटरने हुकलं. तरीही १९९९ पासूनच्या वीसेक चाचण्यांत निम्म्याहून थोड्या जास्त वेळा धडक झालीय. थट्टा नाही ही.

पण हिशेब करून बघा. एकाची शक्यता ५५ टक्के धरा. एका अस्त्रामागे चार सोडले तर निदान एक लागण्याची शक्यता ९६ टक्के होते. छान. आता दहा अस्त्रं आली. दहाच्या दहा अडण्याची शक्यता उरते ६६ टक्के. तीनात एकदा निदान एक अणुबॉम्ब शहरावर पडणार, आणि ४४ पैकी ४० खर्चून. शिवाय हे गणित चारही नेम एकमेकांवर अवलंबून नाहीत असं धरून आहे. चौघांना एकाच रडारने तोतया दाखवला असेल तर चारही फुग्यावर जातील, मग ९६ चं शून्य. ही भानगड कागदावरच्या टक्केवारीत कधी दिसत नाही.

एस-४०० बद्दल विचारलंत. उत्तम यंत्रणा आहे, मे २०२५ नंतर तिचं नाव घरोघरी पोचलं. पण ती विमानं, क्रूझ आणि कमी-मध्यम पल्ल्याची बॅलिस्टिक क्षेपणास्त्रं यांच्यासाठी. तिच्या लक्ष्याच्या वेगाची जाहीर मर्यादा सेकंदाला ४.८ किलोमीटर, आणि आंतरखंडीय अस्त्र येतं सातच्या आसपास. इस्रायलचं आयर्न डोम तर ४ ते ७० किलोमीटरवरून येणाऱ्या रॉकेटांसाठी. ते आणि हे यांची तुलना छत्री आणि धरणाची.

आपला स्वतःचा कार्यक्रम आहे. नोव्हेंबर २००६ मध्ये सुमारे ५० किलोमीटर उंचीवर, डिसेंबर २००७ मध्ये १५ किलोमीटरवर येणारं क्षेपणास्त्र पाडून दाखवलं. पुढच्या टप्प्यातलं एडी-१ हे पाडणारं क्षेपणास्त्र नोव्हेंबर २०२२ मध्ये पहिल्यांदा उडालं, आणि जुलै २०२४ च्या चाचणीनंतर ५,००० किलोमीटर पल्ल्याच्या वर्गापर्यंत क्षमता दाखवल्याचं सरकारने सांगितलं. मार्च २०१९ मध्ये २८० किलोमीटरवरचा स्वतःचा उपग्रह थेट धडकेने फोडला, तेही खरं. पण उपग्रह दीड तासाने पुन्हा त्याच वाटेने येतो, तोतये सोडत नाही. आणि आपला भूगोल बघा: कराची ते मुंबई हवाई अंतर ९०० किलोमीटरच्या आतबाहेर. तिथून निघालेल्या क्षेपणास्त्राला आठ-नऊ मिनिटं पुरतात. अमेरिकेची वीस मिनिटं आपल्याकडे नाहीतच. मुंबई-पुण्यावर पक्कं छत आहे का, या प्रश्नाला माझं उत्तर नाही असंच आहे, आणि तसं छत जगात कुठल्याच शहरावर नाही.

शेवटी, बंगालच्या उपसागरात चाचणीआधी वैमानिकांना ‘अमुक पट्टा टाळा’ अशी सूचना निघते. नोटॅम म्हणतात तिला. हल्ली कॉलेजातली पोरंसुद्धा ती नकाशावर आखून पट्ट्याच्या लांबीवरून काय उडणार ते सांगतात. दीडेक हजार किलोमीटरला अग्नी-प्राइम, साडेतीन हजारांना पाणबुडीतलं के-४ असू शकेल, पाचच्या जवळ गेलं की अग्नी-५. अंदाज चुकतात, पण वाईट नसतात. त्याच सुमाराला चीनचं ‘युआन वांग’ जातीचं, क्षेपणास्त्रांचा माग काढणारं एखादं जहाज हिंदी महासागरात शिरल्याची बातमी येते का तेही बघा. नोव्हेंबर २०२२ मध्ये तसं झालं होतं. अमेरिका हेच काम खास विमानांनी करते. आपलं अस्त्र टप्प्यापासून कसं सुटतं, किती गरगरतं, रडारवर कसं चमकतं, हे सगळं ते टिपून नेतात. तोतया ओळखायचा तर आधी खरा चेहरा पाहिलेला हवा, आणि तो फक्त सरावाच्या दिवशी दिसतो. म्हणून जहाज फार जवळ आलं की कधीकधी उलटी गणती सुरूच होत नाही, नोटॅम रद्द होतो, आणि चांदीपूरच्या गावांना ती सकाळ घरीच मिळते.